टक्क्याच्या आत काय आहे ते बघ

प्रिय विद्यार्थिनीस (आता सहकारी म्हणायला हवं),

ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या असाइनमेंट तपासायचं काम तुझ्याकडे आलं आणि तुझा पहिलाच प्रश्न होता, "प्लेजरिझम (दुसऱ्याचं लेखन श्रेय न देता आपलं म्हणून देणं) किती टक्क्यांपर्यंत चालवून घ्यायचा?" उत्तर आधीच देतो. असाइनमेंटसाठी असा टक्का नाही. नियमातही नाही आणि सॉफ्टवेअरमध्ये तर नाहीच.

तुझ्या डोक्यात बसलेला दहा टक्क्यांचा आकडा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०१८च्या विनियमांतला आहे. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करायला बंदी, त्यापुढे नोंदणी रद्द. पण हे कशाला लागू आहे, ते व्याख्येत वाच. पदव्युत्तर आणि संशोधन पातळीचे प्रबंध, शोधनिबंध, पुस्तकं यांना. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका तिथे स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. तेव्हा पदवीच्या मुलाची बारा टक्क्यांची असाइनमेंट 'यूजीसीच्या नियमानुसार' परत पाठवू नकोस. त्याने विनियम वाचलेले असले तर तुझी पंचाईत होईल. तुमच्या अभ्यासक्रमाचा स्वतःचा नियम हवा. तो पहिल्याच आठवड्यात लेखी, मुलांना दिसेल असा टाकलेला हवा, आणि त्यात टक्का नको. काय चालेल, काय चालणार नाही आणि चूक झाली तर पुढे काय होईल, एवढं पुरे.

आता यंत्राकडे, म्हणजे साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळू. टर्निटिन घे, ड्रिलबिट घे किंवा गूगल क्लासरूममधला ओरिजिनॅलिटी रिपोर्ट घे, आतलं काम एकच. दिलेल्या मजकुरातले शब्दांचे सलग तुकडे आपल्या साठ्यातल्या मजकुराशी ताडून बघायचे आणि जुळलेले रंगवायचे. साठा म्हणजे इंटरनेटवरची पानं, नियतकालिकं, आणि सोय घेतलेली असेल तर आधी जमा झालेल्या विद्यार्थ्यांच्या असाइनमेंट. चोरी झाली की नाही, हे त्याला कळत नाही. साठ्यात नसलेलं तर त्याला दिसतच नाही. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या छापील गाइडमधून अख्खं उत्तर उतरवलं तर रिपोर्ट कोरा येईल. मात्र त्याच गाइडमधून दहा जणांनी उतरवलं आणि सगळ्यांच्या असाइनमेंट साठ्यात जात असतील, तर ते दहा जण एकमेकांशी जुळतील. अशा वेळी आपापसात कॉपी झाल्याचा आरोप करण्याआधी सगळ्यांचं समान मूळ शोध.

सेटिंग्ज असाइनमेंट उघडण्याआधीच लावायच्या. सगळ्यात जास्त घोळ साठवणुकीच्या सेटिंगमुळे होतो. 'कच्चा मसुदा' आणि 'अंतिम' अशा दोन वेगळ्या असाइनमेंट तयार केल्या आणि दोन्ही साठ्यात जात असतील, तर अंतिम मसुदा स्वतःच्याच कच्च्या मसुद्याशी जुळून नव्वदीच्या पुढे जातो. मूल रडकुंडीला येतं आणि तुझा दिवस ईमेलना उत्तरं देण्यात जातो. कच्च्यासाठी साठवणूक बंद ठेव, फक्त अंतिमसाठी चालू ठेव. किंवा एकच असाइनमेंट ठेवून मुदतीपर्यंत पुन्हा जमा करायची परवानगी दे. टर्निटिनमध्ये त्याच जागी पुन्हा जमा केलेली फाइल आधीच्या फाइलची जागा घेते, स्वतःशी ताडली जात नाही. पण पहिल्या तीन वेळांनंतर नवा रिपोर्ट यायला २४ तास लागतात. शेवटच्या रात्री पाचव्यांदा फाइल चढवणाऱ्याला रिपोर्ट बघायला मिळणार नाही, हे सूचनेत लिहून ठेव.

रिपोर्ट लगेच तयार होत असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. दोघांची असाइनमेंट सारखी असली तरी आधी जमा करणारा स्वच्छ दिसतो आणि नंतरचा लालेलाल. मुदत संपल्यावर रिपोर्ट पुन्हा बनवण्याचा पर्याय निवडलास की दोघांचं साम्य दोघांकडेही दिसतं. तरीही कोणी कोणाचं घेतलं, हे त्यावरून ठरत नाही. आधी जमा केलं म्हणजे आधी लिहिलं असं नसतं.

अवतरणं आणि संदर्भसूची वगळायच्या खुणा चालू कर, पण त्यांच्यावर विसंबू नकोस. अवतरण ओळखायला टर्निटिन दुहेरी चिन्हं बघतं. आपली मुलं सवयीने एकेरी चिन्हं वापरतात आणि मग नीट श्रेय दिलेलं अवतरणही रंगतं. संदर्भसूची शीर्षकावरून ओळखली जाते, आणि 'संदर्भसूची' हे मराठी शीर्षक ओळखलं जाईलच अशी खात्री धरू नकोस. लहान जुळण्या वगळायची खूणही असते. ती शब्दांच्या संख्येवर लाव, टक्क्यांवर नको. तीन हजार शब्दांच्या लेखनात एक टक्का म्हणजे तीस शब्द, म्हणजे दोन पूर्ण वाक्यं नजरेआड. मी आठ ते दहा शब्द सुचवीन. आयोगाच्या विनियमात योगायोगाने जुळणाऱ्या सलग चौदा शब्दांपर्यंत सूट आहे, ती प्रबंधांसाठी ठीक. असाइनमेंटमध्ये मुलं दर दहा-बारा शब्दांनी एखादा शब्द बदलतात आणि चौदाची चाळणी लावली की ते सगळं निसटतं. म्हणून आधी चाळणीशिवाय रिपोर्ट उघड, मग चाळणी लाव.

आता रिपोर्ट वाचायचा कसा ते बघ. समज, बाराशे शब्दांची असाइनमेंट आहे आणि साम्य ३८ टक्के. आत जा. तू दिलेले प्रश्न मुलाने जसेच्या तसे वर टाकलेत, ते ११ टक्के. संदर्भसूची ९. कायद्यातलं कलम जसंच्या तसं दिलंय आणि श्रेयही दिलंय, ते ६. 'भारतीय राज्यघटनेच्या उद्देशिकेनुसार' छापाचे सुटे तुकडे १२. या मुलाने काहीही चोरलेलं नाही. आता दुसरी असाइनमेंट घे, तितक्याच शब्दांची, साम्य ९ टक्के. नऊच्या नऊ टक्के एकाच ठिकाणहून आलेत. मराठी विश्वकोशातल्या नोंदीचे १०८ सलग शब्द, ना अवतरणचिन्ह ना उल्लेख, आणि नेमका तोच परिच्छेद उत्तराचा गाभा. बोलावून घ्यायचं ते दुसऱ्याला. टर्निटिनच्या रंगांवर तर मुळीच जाऊ नकोस. तिथे २४ टक्क्यांपर्यंत हिरवाच दिसतो, आणि दोन हजार शब्दांत २४ टक्के म्हणजे ४८० शब्द.

रिपोर्टमध्ये दाखवलेला स्रोत खराच असेल असंही नाही. यंत्र ज्याच्याशी सगळ्यात जास्त जुळतं त्याचं नाव वर ठेवतं. वर कुठल्यातरी दुसऱ्या संस्थेतल्या विद्यार्थ्याची असाइनमेंट दिसते आणि खाली दडलेले स्रोत उघडले की विकिपीडिया निघतो. दोघांनी तिथूनच घेतलेलं असतं. विकिपीडियातून घेणं हा गुन्हा नाही, त्याचा परवानाच श्रेय देऊन वापरा असं सांगतो. न सांगता घेणं ही चूक.

मराठी असाइनमेंटसाठी मात्र वेगळी दक्षता लागते, आणि ती कुठल्याही माहितीपुस्तकात सापडत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण यंत्राला ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. साम्य शून्य येतं आणि आपण खूश होतो. डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणलेल्या फाइलमध्ये हे फार होतं. चाचणी सोपी आहे. फाइलमधला एक परिच्छेद निवडून नोटपॅडमध्ये चिकटव. मराठी दिसलं तर ठीक, नाहीतर युनिकोडमध्ये करून मागव. पीडीएफमधून कॉपी करताना वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटत असतील तर यंत्रालाही तुटकंच मिळतं. म्हणून मूळ वर्ड फाइल माग. वहीच्या पानांचे फोटो पीडीएफ करून पाठवले असतील तर त्यात मजकूरच नसतो. आणि शून्य टक्के दिसले की आनंद मानण्याआधी रिपोर्टमधली शब्दसंख्या फाइलमधल्या शब्दसंख्येशी ताडून बघ. तफावत मोठी असेल तर काहीतरी लपलेलं आहे: चित्र म्हणून चिकटवलेला मजकूर, शब्दांमध्ये पांढऱ्या रंगात घातलेली अक्षरं, किंवा इंग्रजी 'ए'च्या जागी तसाच दिसणारा रशियन 'ए'. शेवटच्या दोन युक्त्यांसाठी टर्निटिन वेगळी खूण दाखवतं.

इंग्रजी लेखातून गूगल ट्रान्सलेट मारून मराठी केलेलं उत्तर बहुतेक वेळा कोरंच सुटतं. ते तुलाच वाचून पकडावं लागेल. वाक्यं कर्मणीत अडखळतात, एकच संज्ञा दर परिच्छेदात वेगळी होते. इंग्रजीतही शब्द बदलून देणाऱ्या साधनांची हीच गत. २०२१ मध्ये काही संशोधकांनी शोधनिबंधांतले असे पिळलेले शब्दप्रयोग जमवले. त्यांत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालं होतं. असं काही दिसलं की साम्य किती, हा प्रश्नच उरत नाही.

'प्लेजरिझम काढून मिळेल' अशी पाटी लावलेल्या दुकानांबद्दल मुलांना आधीच सावध कर. तिथे कोणाच्यातरी खात्यातून तपासताना फाइल साठ्यात गेली, तर आठवड्याने तुझ्याकडे जमा होताच ती शंभर टक्के जुळते. अशी केस आली तर ताबडतोब निष्कर्ष काढू नकोस. जुळलेल्या फाइलची तारीख बघ आणि मुलाला विचार. त्यापेक्षा मुलांना तपासायची सोय तूच दे. क्लासरूममध्ये ओरिजिनॅलिटी रिपोर्ट चालू केलास तर जमा करण्याआधी मुलाला तीनदा स्वतः तपासता येतं. मोफत आवृत्तीत ही सोय एका वर्गात पाचच असाइनमेंटना मिळते, तेव्हा ती मोठ्या निबंधांसाठी राख.

प्रोग्रॅमिंगच्या असाइनमेंट या चाळणीत घालू नकोस. व्हेरिएबलची नावं बदलली की मजकूर ताडणारं यंत्र फसतं. त्यासाठी स्टॅनफर्डचं मॉस किंवा कार्ल्सरूहचं जेप्लॅग वापर. ती कोडची रचना बघतात. तू मुलांना दिलेला सांगाडा 'बेस फाइल' म्हणून आधी द्यायला विसरू नकोस, नाहीतर अख्खा वर्ग एकमेकांशी जुळलेला दिसेल.

एआयच्या टक्क्याबद्दलही तू विचारलंस. तो आकडा साम्याच्या आकड्याशेजारी दिसतो म्हणून त्याच जातीचा वाटतो, पण तसा नाही. साम्याच्या मागे मूळ मजकूर दाखवता येतो. एआयचा टक्का हा अंदाज असतो, त्याच्यामागे दाखवायला काही नसतं. टर्निटिनने ही सोय एप्रिल २०२३ मध्ये आणली. तिला किमान ३०० शब्दांचं सलग लेखन लागतं, आणि एक ते एकोणीस टक्क्यांच्या दरम्यान ते आकडा न देता नुसती तारका (*) दाखवतं, कारण तिथे चुकायची शक्यता जास्त. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने एआयचं लेखन ओळखणारं स्वतःचं ओळखयंत्र त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात ओळखयंत्रं तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निम्म्याहून अधिक निबंध यंत्रांनी एआयचे ठरवले. आपली मुलं त्याच गटातली. मराठी लेखनासाठी तर हा टक्का बघूच नकोस. त्या टक्क्यावर गुण कापायचे नाहीत, हे माझं ठाम मत आहे. शंका आली तर बोलून बघ.

बोलायचं कसं, त्याचा मसुदा देतो. "नमस्कार. तुमच्या उत्तरातला तिसरा परिच्छेद एका प्रकाशित नोंदीशी जुळतो, दोन्ही शेजारी ठेवून सोबत जोडले आहेत. हा परिच्छेद तुम्ही कसा लिहिलात, ते गुरुवारी दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर सांगाल का? कच्च्या नोंदी किंवा गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी असेल तर सोबत ठेवा." यात 'चोरी' हा शब्द नाही आणि टक्काही नाही. टक्का लिहिलास की मूल टक्क्यावर भांडतं आणि परिच्छेद बाजूला राहतो. कॉलवर आधी त्या परिच्छेदातली एखादी संज्ञा समजावून सांगायला लाव. ज्याने समजून लिहिलं, तो अडखळत का होईना सांगतो. पहिल्या वर्षाच्या बऱ्याच मुलांना दहावी-बारावीत पाठ केलेलं जसंच्या तसं लिहून पूर्ण गुण मिळालेले असतात. श्रेय द्यायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. त्यांना पहिल्यांदा पुन्हा लिहायला दे. दुसऱ्यांदा मात्र नियमाप्रमाणे.

रिपोर्टची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून ठेव. क्लासरूममधला रिपोर्ट ४५ दिवसांनी दिसेनासा होतो आणि तक्रार बरेचदा निकालानंतर येते. दुसऱ्या मुलाचं नाव दिसत असेल तर ते झाकूनच पुढे पाठव.

पहिली असाइनमेंट उघडण्याआधी एक चाचणीची फाइल स्वतः चढवून बघ. त्यात एक परिच्छेद विश्वकोशातला, एक एकेरी अवतरणातला, एक जुन्या फॉन्टमधला, शेवटी 'संदर्भसूची'. साठवणूक बंद ठेवून. काय रंगतं आणि काय सुटतं ते मला कळव, मग सेटिंग्ज एकदा फोनवर बघून घेऊ.

कळावे,
तुझा सर