रीलमधली लाटणंवाली

प्रश्न : रीलमधली कोल्हापूरची बाई एकतर लाटणं घेऊन नवऱ्यामागं धावते, नाहीतर तांबडा रस्सा ढवळते. आम्ही एवढ्याच का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, रश्श्याचं सोडा. आमच्यात तो नवराच करतो आणि मीठ कायम जास्त टाकतो. लाटण्यामागं मात्र हिशेब आहे. सुरुवातीच्या सेकंदांतच बघणाऱ्याचं बोट थांबायला लागतं. ओरडणारी बाई ते थांबवते. मोपेडवरून निवांत बँकेत निघालेली बाई थांबवत नाही. पण १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीनं आपल्याच गावात 'माया मच्छिंद्र' सिनेमा काढला. त्यात दुर्गा खोटे राणी, आणि पाळलेला म्हणून शेजारी खराखुरा चित्ता! लाटणं कशाला लागतंय? पुढच्या वेळी असलं रील आलं की वर ढकला, रागानं कमेंटसुद्धा टाकू नका. कमेंटनं ते आणखी पळतंय.