पायलटला युनियन कशाला? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

डिसेंबर 2025 मधे इंडिगोची विमानं धडाधड कॅन्सल झाली, एका दिवसात हजारावर, त्यावेळी या पानावर मी एवढंच लिहिलं होतं की हा पायलटांच्या झोपेचा हिशोब चुकल्याचा परिणाम आहे आणि खासगी कंपन्यांत पायलटांना एकत्र बसून मॅनेजमेंटशी बोलायची सोय असती तर ही वेळ आली नसती. त्यावर बरीच पत्रं आली, जवळजवळ सगळी आपल्या सांगली-साताऱ्याकडचीच. मी मूळचा कोरेगाव तालुक्यातला, वीसेक वर्षं खासगी कंपन्यांत विमान उडवलं, आता घरी असतो, त्यामुळं कुणाची भीडभाड न ठेवता उत्तरं देतोय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

पलूसहून एक वडील लिहितात: मुलगा खासगी एअरलाईनमधे फर्स्ट ऑफिसर (कॅप्टनच्या शेजारचा सहपायलट) आहे, तीन वर्षं झाली. ट्रेनिंगसाठी दोन एकर तारण ठेवून कर्ज काढलंय. आता त्याच्या बेसवरचे (त्याची ड्यूटी जिथनं सुरू होते त्या विमानतळावरचे) पायलट युनियन काढतायत आणि त्याच्याकडं सही मागतायत. तो विचारतो पप्पा काय करू. आम्हाला यातलं काही कळत नाही, नोकरी गेली तर आम्ही संपलो. काय सांगावं?

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. भिऊ नका असं मी म्हणणार नाही कारण भीती खोटी नाही. 2009 च्या सप्टेंबरात जेट एअरवेजच्या पायलटांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड नावाची संघटना काढली, कंपनीनं त्यातल्या पुढच्या पायलटांना नोकरीवरनं काढलं, मग शेकडो पायलटांनी एकदम आजारी असल्याची रजा टाकली, म्हणजे सिक मारली आणि पाच दिवस कंपनी जवळजवळ ठप्प. शेवटी काढलेल्यांना परत घेतलं. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पुढं उभं राहणाऱ्याला फटका बसतो हेही खरं आणि मागं सगळे असले की तो परत येतो हेही खरं.

आता माझी गोष्ट सांगतो, कंपनीचं नाव सोडून. लागोपाठ तिसरी रात्र होती, पहाटे साडेचारचा सुमार. एटीसीनं, म्हणजे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकानं, जी हाइट दिली ती मी रेडिओवर बरोबर वाचून दाखवली आणि हातानं भलतीच सेट केली. शेजारी बसलेल्या पोरानं पकडली. पहाटे दोन ते सहा ही वेळच अशी असते की शरीर म्हणतं झोप आणि तुम्ही दीडशे-पावणेदोनशे माणसं घेऊन खाली उतरत असता. घरी आलो, झोपलो, उठल्यावर फटीग रिपोर्ट (थकव्यामुळं काय झालं ते कंपनीला कळवायचा) भरला, जसा नियमात आहे तसाच. दुसऱ्या दिवशी ऑफिसातनं फोन, आवाज अगदी गोड, कॅप्टन तुम्हाला त्रास होत असेल तर एकदा मेडिकल करून घेऊया का. मेडिकल हा शब्द बाहेरच्या माणसाला साधा वाटतो पण पायलटचं लायसन्स त्या मेडिकलवर उभं असतं, तिथं शेरा बसला की पोटावर पाय. मी गप्प बसलो. पुढच्या महिन्याचं रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, आलं ते आधीपेक्षा वाईट. खूप वर्षांनी कळलं की त्याच आठवड्यात त्याच बेसवरच्या आणखी सहा जणांना अशीच गत झाली होती, कुणी रिपोर्ट भरला, कुणी नाही, आणि सातही जण आपापल्या घरात एकटे. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यानं युनियनच्या नोंदणीच्या अर्जावर किमान माणसं किती लागत होती, सात! आम्ही सात होतोच, फक्त एकमेकांना माहीत नव्हतो. ही गोष्ट मला अजून छळते.

म्हणून मुलाला नको म्हणू नका, पण कसं करायचं ते सांगा. पहिली सही त्याची नको आणि एकट्याची तर नकोच. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवा औद्योगिक संबंध कायदा लागू झालाय, त्यात नोंदणीला दहा टक्के किंवा शंभर कामगार यातलं जे कमी असेल ते लागतं, तेवढ्या सह्या एकदम पडू द्या. युनियनमधे गेला म्हणून काढणं कायद्यानं अनुचित प्रथा आहे, पण कोर्टात ते सिद्ध करायला वर्षं जातात, तोवर हप्ता कोण भरणार हा तुमचा प्रश्न बरोबरच आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानं काहीही लिहू नये, तिथलं स्क्रीनशॉट होऊन कुठं जातं ते सगळ्यांना माहीत असतं. आपलं रोस्टर, प्रत्यक्ष ड्यूटी किती झाली, शेवटच्या मिनिटाला काय बदललं हे रोज आपल्या वहीत लिहावं. आणि सगळ्यांनी मिळून सिक मारायची असं कुणी म्हणालं तर त्यानं बाजूला व्हावं, कारण नव्या कायद्यात निम्म्या किंवा जास्त लोकांनी ठरवून एकदम रजा टाकली तर तो संपच धरतात आणि संपाला चौदा दिवस आधी नोटीस लागते. 2012 साली एअर इंडियाच्या पायलटांचा संप 58 दिवस चालला, ड्रीमलाइनर या नव्या विमानाचं ट्रेनिंग कुणाला यावरनं, त्यात शंभरावर पायलट बडतर्फ झाले आणि हातात फार काही पडलं नाही. ती तर तेव्हा सरकारी कंपनी होती.

आणि एक तुमच्यासाठी. पोराला फोनवर हप्त्याची आठवण करून देऊ नका हो. तो जागा आहे का झोपलाय ते न बघता तर अजिबात नको. कर्जाच्या ओझ्याखालचा पायलट 'मी थकलोय' म्हणत नाही, आणि त्यानं ते म्हणायला पाहिजे.

मिरजेहून एक रिटायर्ड एसटी ड्रायव्हर: आम्ही 2021-22 ला पाच महिने संपावर होतो, पोरांच्या फीचे वांदे झाले, काही जणांनी जीव दिला. लाखो रुपये पगारवाल्यांना युनियन कशाला पाहिजे, त्यांनी आमच्या रांगेत बसू नये.

काका, राग समजतो. तुमच्या संपात जे गेलं त्याच्याशी पायलटच्या दुःखाची बरोबरी मी करणार नाही. पण एक विचारतो, तुम्ही मुक्कामी गाडी केलीय ना? रात्री दहाला गावात पोचायचं, गाडीतच डास मारत पडायचं, पहाटे पाचला परत स्टार्टर. दुसऱ्या दिवशी घाटात डोळे कसे मिटत होते ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. पगार दुप्पट दिला असता तर त्या घाटात झोप कमी आली असती का? इथंही तेच आहे. 22 मे 2010 ला मंगळूरला एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टी सोडून खाली दरीत गेलं, 158 माणसं गेली, सकाळी सहाच्या सुमाराला. कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपलेला होता, रेकॉर्डरवर घोरण्याचा आवाज आलाय आणि चौकशीत झोपेतनं उठल्यावरच्या गुंगीचा मुद्दा आलाय. तेव्हा युनियन पगारासाठी असते हे डोक्यातनं काढा, माझ्या मते पायलटच्या युनियनचं पहिलं काम झोप मिळवून देणं हेच आहे, पगाराचं नंतर.

डीजीसीएनं, म्हणजे विमानवाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी खात्यानं, पायलटची आठवड्याची सुट्टी 36 तासांची 48 तास केली, रात्रीच्या ड्यूटीत सहापर्यंत लँडिंग चालायची ती दोनवर आणली, हे आपोआप झालं नाही काका, पायलटांच्या संघटना दिल्ली हायकोर्टापर्यंत गेल्या तेव्हा 2025 च्या जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यात लागू झालं. आणि कंपनीची तयारी नाही म्हटल्यावर डिसेंबरात इंडिगोला रात्रीच्या नियमात 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट देऊन टाकली. संघटनांनी त्याला विरोध केला, पण ज्या कंपनीत प्रश्न होता तिच्या आत मॅनेजमेंटसमोर बसून बोलेल अशी ताकदवान संघटना असती तर नोव्हेंबरच्या रोस्टरला माणसं पुरत नाहीत हे उन्हाळ्यातच टेबलावर आलं असतं.

शिवाय आपल्या जिल्ह्यानं तर हे कधीच दाखवून दिलंय. पाटणकडची किती घरं मुंबईला पाठीवर पोती वाहायला गेली, अण्णासाहेब पाटील आपल्या साताऱ्याचे, त्यांच्या लढ्यातनं 1969 चा माथाडी कायदा झाला, बोर्ड आलं, मजुरी बोर्डातनं मिळायला लागली, एका व्यापाऱ्याच्या मर्जीवर हमालाचं पोट राहिलं नाही. हमालाला जे पन्नास वर्षांपूर्वी मिळालं ते खासगी विमानातल्या पायलटला अजून मिळालेलं नाही, एका रोस्टर करणाऱ्याच्या मर्जीवर त्याचा महिना ठरतो.

सांगलीचे एक व्यापारी: किंगफिशर, जेट, गो फर्स्ट, सगळ्या कंपन्या युनियनबाजीनंच बुडाल्या ना?

नाही. किंगफिशर 2012 ला कर्जात बुडाली. गो फर्स्टनं मे 2023 मधे दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा कंपनीनं स्वतःच दोष दिला तो इंजिनं पुरवणाऱ्याला. जेट 17 एप्रिल 2019 ला थांबली, त्याआधी कित्येक महिने पायलटांचे पगार थकलेले, आणि तिथं तर युनियन होती, तिनं 1 एप्रिलपासून विमानं न उडवण्याचा इशारा दिला, मग पुढं ढकलला, परत ढकलला, कंपनी वाचावी म्हणून. बिनपगारी विमान उडवलं हो लोकांनी. बुडवणारे असं करत नसतात.

कराडहून एक चार्टर पायलट: मी एअरलाईनमधे नाही, छोट्या कंपनीत आहे. चार-पाच पायलट, एक मालक. निवडणूक आली की दिवस-रात्र कळत नाही, चोवीस तास फोन चालू ठेवायचा. हवामान खराब आहे म्हटलं तर 'साहेब आत बसलेत' एवढंच उत्तर मिळतं. आमच्यासारख्यांनी कुठली युनियन काढायची?

तुमचं पत्र सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटलं, कारण एअरलाईनवर निदान पेपरवाल्यांची नजर असते, तुमच्याकडं कुणी बघत नाही. कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळातली, तिथं आयएलएस (ढगातही धावपट्टीवर उतरवणारी रेडिओ यंत्रणा) नाही, डोळ्यांनी बघून उतरायचं, भोवती आगाशिवचे आणि सदाशिवगडाचे डोंगर, जुलैत ढग अगदी टेकड्यांवर बसलेले. महाबळेश्वर-पाचगणीकडं हेलिकॉप्टर न्यायचं तर अजूनच वाईट, दहा मिनिटात दरी भरून येते. आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी 2 सप्टेंबर 2009 ला असल्याच हवामानात हेलिकॉप्टर जंगलात कोसळून गेले. साहेब कितीही मोठा असला तरी ढगाला ते माहीत नसतं.

कायद्यानं पायलट-इन-कमांडचा शब्द शेवटचा आहे. अडचण अशी की तो शब्द वापरल्यावर संध्याकाळी मालक जे बोलतो त्याला कायदा नाही. तुमची पाच जणांची युनियन होणार नाही हे खरंय, पण या धंद्यातले पायलट एकमेकांना ओळखतात, पुण्या-मुंबईच्या हँगरमधे रोज भेटतात, तेव्हा कंपनीवार न बघता चार्टरवाल्यांनी मिळून एकत्र यावं, देशपातळीवर फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स आहे, त्यांच्याशी बोलावं. पायलट हा 'वर्कमन', म्हणजे कायद्याच्या भाषेत कामगार, होऊ शकतो असं दिल्ली हायकोर्टानं एका छोट्या विमान कंपनीच्याच खटल्यात मानलंय, म्हणजे तुम्ही साहेब आहात, तुम्हाला कामगार कायदा लागू नाही, असं कुणी सुनावलं तर लगेच मान डोलवू नका.

तोपर्यंत एक काम उद्यापासून करता येईल. तुम्ही चार-पाच जण आपसात ठरवा की एकानं हवामानासाठी नाही म्हटलं तर दुसरा ती फ्लाइट घेणार नाही. बस, एवढंच. मालकाचा सगळा जोर यावरच असतो की तू नाही तर दुसरा जाईल. ज्या दिवशी दुसरा जात नाही त्या दिवशी साहेबांची गाडी हायवेनं निघते, पोचायला चार तास उशीर होतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. मी हे डोळ्यांनी बघितलंय. आणि नाही म्हटलं की त्याच क्षणी हवामानाच्या रिपोर्टसकट मेसेज लिहून पाठवा, तोंडी नको.

वाईहून एक मुलगी: सर माझं सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) झालंय, 200 तास पूर्ण. एका कंपनीची ऑफर आहे पण टाईप रेटिंगचा (ठराविक विमान उडवायच्या ट्रेनिंगचा) बाँड आहे काही वर्षांचा आणि नोटीस पिरियड वेगळा. सही करू का?

अभिनंदन पोरी! बाँड म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला पटकन कळतं, ऊसतोडीला येणारी टोळी मुकादमाकडनं उचल घेते आणि मग फिटेपर्यंत कारखाना सोडता येत नाही, तशीच ही उचल आहे, फक्त आकडा मोठा आणि कागद इंग्रजी. नोटीसबद्दल डीजीसीएचा 2017 चा नियम आहे, कॅप्टनला एक वर्ष, फर्स्ट ऑफिसरला सहा महिने. 2023 मधे आकासा एअरचे 43 पायलट नोटीस न पाळता गेले तर कंपनी मुंबई हायकोर्टात गेली होती, तेव्हा हे हलक्यात घेऊ नकोस. पण त्याच नियमात असंही आहे की नोटीसच्या काळात कंपनीनं पगार कापला किंवा अटी बदलल्या तर पायलटला आधी सोडायची मागणी करता येते, हे कुणी सांगत नाही.

सही कर, नाही तर सुरवात कशी होणार, पण आधी तीन गोष्टी कागदावर बघ. बाँडची रक्कम दर महिन्याला कमी होत जाते का शेवटपर्यंत तेवढीच राहते, कंपनी बंद पडली किंवा त्यांनीच तुला काढलं तर पैसे कोण कुणाला देणार, आणि महिन्याला किमान किती तासांचा पगार पक्का आहे. तिसरं नसेल तर बेसवर बसून नुसता हप्ता भरत राहशील. कराराची कॉपी माझ्याकडं पाठव, कंपनीचं आणि तुझं नाव झाकून, वाचून पुढच्या अंकाच्या आधी कळवतो.