वाचकांचे प्रश्न : मोर्चा माहेरच्या दारापर्यंत

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. वय 61. कॉलेजात असताना 'उंबरठा' पाहून मैत्रिणीबरोबर रंकाळ्यावर अंधार पडेपर्यंत बोलत बसले होते. 'मुलगी झाली हो' हे नाटक पाहिले, जमेल तसे स्त्रियांविषयीचे लेखन वाचले, 8 मार्चच्या फेऱ्यांत घोषणा दिल्या. गेल्या महिन्यात धाकट्या भावाने शिरोळ तालुक्यातल्या आमच्या शेतीचे हक्कसोडपत्र सहीसाठी पाठवले. मुलगी म्हणाली, "आई, एवढं पाहिलंस, वाचलंस, रस्त्यावर चाललीस, त्याचा उपयोग काय झाला?" मला उत्तर देता आले नाही. सहीही झालेली नाही.

उत्तर : आपल्या मुलीने हा प्रश्न मला विचारला असता तर मीही गप्पच बसले असते, कारण ज्या कागदापुढे आपण आज थांबला आहात त्यावर मी 1997 साली सही केली आहे. त्या वर्षी 8 मार्चला आम्ही बिंदू चौकातून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. माझ्या हातातल्या फलकावर संपत्तीतल्या समान वाट्याची मागणी होती आणि त्यावरचे अक्षरही माझेच होते. पुढच्याच महिन्यात मी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन माझा वाटा दोन्ही भावांच्या नावे सोडून दिला. कायदा ठाऊक नव्हता, असे म्हणण्याचीही सोय नाही. वडिलांच्या हिश्शात मुलगी वारस असते हे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेच ठरवले होते. महाराष्ट्राने 1994 साली दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतका हक्क दिला. त्याआधी लग्न झालेल्या आम्ही मात्र त्यातून वगळलेल्या होतो. तरी वडिलांच्या हिश्शातला माझा वाटा शाबूत होता आणि हे सगळे मी वर्गात मुलींना समजावून सांगत असे.

मग सही का केली, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. कागद घेऊन आलेला माझा भाऊ वाईट नव्हता, हीच त्यातली अडचण होती. आई आजारी असताना दवाखान्यातल्या रात्री त्याने काढल्या होत्या. दर हंगामात गुऱ्हाळावरची काकवी आणि गुळाची ढेप तो स्वतः घेऊन येत असे. त्याने कागद पुढे केला तेव्हा आवाजात धमकी नव्हती. "ताई, सही केलीस म्हणून माहेर तुटतंय व्हय?" एवढेच तो म्हणाला. सही केली नाही तर मात्र ते तुटेल, हा त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आम्हा दोघांनाही ऐकू आला होता.

आपण आणि मी पाहिलेल्या चित्रपटांकडे या बाजूने पाहा. 1937 च्या 'कुंकू'मध्ये शान्ता आपटे यांनी उभी केलेली नीरा एका वयस्क विधुराशी फसवून लावलेले लग्न मानायलाच नकार देते. 1982 च्या 'उंबरठा'मध्ये स्मिता पाटील यांची सुलभा महाजन घर आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाच्या नोकरीवर जाते, आणि परतल्यावर तिची जागा त्या घरात उरलेली नसते. या दोघींनी आमच्या पिढीला पुष्कळ दिले, हे मी आजही म्हणेन. परंतु दोघींच्या समोरचे माणूस किंवा व्यवस्था चुकते आहे, हे प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या तासात कळते. काकवी घेऊन येणाऱ्या, खरोखर माया करणाऱ्या भावाला बहीण शांतपणे "नाही" म्हणते, असे दृश्य मी कोणत्याही पडद्यावर पाहिले नव्हते. मोर्चाचेही तसेच. जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात घोषणा देताना घसा बसतो, कारण जिल्हाधिकारी भाऊबीजेला आपल्या घरी जेवायला येत नाहीत.

दुसऱ्या बाईसाठी रागावणे सोपे असते, असे मी म्हणते तेव्हा त्या रागाला कमी लेखत नाही. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली, तिने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले आणि 1882 साली पुण्यात ते छापून प्रसिद्ध झाले. जी बाई ताराबाईंनी कधी पाहिलीही नसेल, तिच्यासाठीचा राग त्या पुस्तकात आजही गरम आहे. पण जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली तरी ते पुस्तक विस्मरणात गेले आणि स. गं. मालशे यांनी 1975 साली पुन्हा प्रकाशात आणले तेव्हा कुठे आमच्या हाती आले. नव्वदाहून अधिक वर्षे ते निजून होते. उपयोग काय झाला, हा प्रश्न 1900 साली विचारला असता तर काहीच नाही, असे उत्तर मिळाले असते.

आता कागदाविषयी. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलीचे लग्न केव्हा झाले हा भेद काढून टाकला, आणि ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणी होऊन किंवा न्यायालयाच्या हुकुमाने वाटणी झालेली असेल तर ती मोडत नाही. म्हणून आधी सातबारा आणि जुने फेरफार काढून पाहा. हक्कसोडपत्र एकदा नोंदले गेले की ते फिरवणे फार अवघड असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते; तिथे जायला संकोच करू नका. वाटा घेऊन जमीन भावालाच कसायला देणे हाही एक मार्ग आहे, आणि तो त्याच्यासमोर मांडता येतो. हे सगळे पाहून झाल्यावर, जमीन त्यालाच राहावी असे आपल्याला मनापासून वाटले, तर सही करा. मी आपल्याला दोष देणार नाही. फक्त तो कागद ओवाळणीच्या ताटातून येऊ देऊ नका. मला त्या दिवशी इरकली साडी मिळाली होती. तिची घडी अजून मोडलेली नाही.

मुलीला काय सांगायचे? माझ्या आईने तिच्या भावांच्या कागदावर अंगठा उठवला तेव्हा त्यात विचारण्यासारखे काही आहे, हे तिला ठाऊकच नव्हते. मी सगळे ठाऊक असून सही केली, ज्याला मी प्रगती म्हणायला धजणार नाही. आपला कागद महिनाभर टेबलावर पडून आहे. तो का पडून आहे, हे मुलीला विचारा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वीच कोल्हापूर संस्थानात स्त्रियांसाठी कायदे केले. ज्या गावात राजानेच हक्क दिले, तिथे चित्रपट, पुस्तके आणि मोर्चे यांनी नवे काय साधले? अंमलबजावणी व्हावी, एवढेच पुरे नाही काय?

उत्तर : गुरुजी, कायद्यांची यादी आपण सांगता त्याहून लांब आहे. 1917 साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला, 1919 साली घरात स्त्रियांना क्रूर वागणूक देण्याविरुद्धचा आणि 1920 साली जोगतिणींविषयीचा, म्हणजे देवीला सोडलेल्या स्त्रियांविषयीचा. घरातल्या छळाचा प्रश्न राज्याने आपला मानावा, ही गोष्ट त्या काळी किती पुढची होती हे वेगळे सांगायला नको. तरीही आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाड गावाला मे 2022 मध्ये, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे बंद करण्याचा ठराव करावा लागला. राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर गावांनीही हे अनुकरण करावे म्हणून परिपत्रक काढले. 1917 च्या कायद्याने विधवेला पुन्हा लग्न करता येत होते. तिला लग्न न करताही कुंकू लावता यावे, हा प्रश्न कायद्याच्या कागदावर आलाच नव्हता. तो मयताच्या घरी, शेजारच्या बायकांच्या हातांत होता, आणि तिथे कोणता फौजदार जाणार?

जोगतिणींचेही तेच. 1920 च्या कायद्यानंतर कित्येक दशकांनी आपल्या भागातल्या राजन गवस यांना 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या लिहाव्या लागल्या, त्यांवर आधारलेला 'जोगवा' हा चित्रपट 2009 साली आला, आणि दरम्यान 2005 साली महाराष्ट्राला देवदासी प्रथेविरुद्ध पुन्हा कायदा करावा लागला.

आणखी एक गोष्ट. कोल्हापूरच्या चित्रपटात स्त्रीचा प्रश्न कथेच्याही आधी आला. बाबूराव पेंटर यांनी 1920 साली 'सैरंध्री' केला तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची रीत होती. त्यांनी स्त्रियांना कॅमेऱ्यासमोर उभे केले आणि त्या स्त्रियांना त्यांच्या समाजाने वाळीत टाकले. पुढे बारा वर्षांनी 'प्रभात'ने इथेच 'अयोध्येचा राजा' केला आणि त्यात सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातल्या दुर्गा खोटे तारामती झाल्या. स्त्रियांनी पडद्यावर यावे म्हणून या बारा वर्षांत कोणताही कायदा झाला नव्हता. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या स्त्रियांनी 1980 च्या सुमारास संप केला आणि 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने 1982 साली त्यांच्यावर चित्रपट केला, तोही त्या कामगार बायकांशी बसून, बोलून. वखारीतल्या धुळीत बसून आपल्या मजुरीचा हिशेब स्वतःच्या तोंडाने मांडणारी बाई आपल्या बाजूच्या पडद्यावर तोवर दिसली नव्हती. अंमलबजावणी हवीच, गुरुजी. पण ती मागायला कोणीतरी उठावे लागते, आणि माणूस कशामुळे उठतो याची नोंद राजपत्रात होत नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा 8 मार्चला आम्ही दसरा चौकातून फेरी काढली. मुली आल्या दहा. रस्त्यावरचे लोक हसत होते. पुढच्या वर्षी काढावी की नाही?

उत्तर : 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला तेव्हा त्यात मुस्लिम स्त्रिया होत्या सात. तुमच्यापेक्षा तीन कमी, आणि त्यांच्यावर हसणाऱ्यांपेक्षा चिडणारे अधिक होते. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली रद्द केला. एवढा काळ थांबावे लागते असे नाही. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडल्यावर चार कायदेतज्ज्ञांनी 1979 साली न्यायालयाला खुले पत्र लिहिले, 8 मार्च 1980 रोजी अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला.

फेरी अवश्य काढा. दहा जणी असाल तर दोन रांगांत चाला, म्हणजे ओळ तुटत नाही. फलकावर एकच वाक्य लिहा आणि ते जाड ब्रशने काढा. आमच्या 1997 च्या फलकांवर चार-चार ओळी होत्या. कडेला उभ्या असलेल्या माणसाला त्यातली एकही वाचता येत नव्हती.