पोचल्याचा फोन

प्रिय ओवी,

परवा इथल्या, नेदरलँड्समधल्या, क्युकेनहॉफच्या ट्यूलिप बागेतून परतताना बसमध्ये तू विचारलंस, "लायडनहून लिसेला अर्ध्या तासात पोचतो आपण. तेवढ्यासाठी आजीला निघताना एक आणि पोचल्यावर एक, असे दोन-दोन फोन कशाला? आणि ती फुलांचं काही विचारतच नाही. डब्यात काय नेलंय, तेच विचारते." बस खच्चून भरलेली, दादू माझ्या मांडीवर झोपलेला, म्हणून तिथे नुसतं "घरी सांगते" म्हटलं. निवांत सांगायचं तर लिहिलेलं बरं.

आजीच्या घरातलं कोणी ना कोणी कायम प्रवासात असायचं. आबांची नोकरी फिरतीची, मामा शिकायला पुण्यात. एसटी साताऱ्याच्या स्टँडवरून सुटली की पुढे तिचं काय झालं हे कळायला मार्ग नव्हता, कारण घरात फोनच नव्हता. मग आजी पंधरा पैशांचं पोस्टकार्ड घ्यायची, त्यावर स्वतःच्या हातानं साताऱ्याचा पत्ता लिहायची आणि मामाच्या पिशवीत चिवड्याच्या डब्याखाली सरकवायची. मामानं फक्त "सुखरूप पोचलो, काळजी नसावी" एवढं खरडून ते पेटीत टाकायचं. कार्ड यायला दोन-तीन दिवस लागायचे. तेवढे दिवस आजीचं अर्धं लक्ष पोस्टमनच्या सायकलकडे. तार लवकर पोचायची, पण तार म्हटलं की वाईट बातमी. ती फोडायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. २०१३ साली आपल्याकडची तारसेवा बंद झाली, तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. आजीनं अजिबात नाही.

पुढे पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. रात्री दर उतरले की रांग लागायची, आणि बोलताना नजर समोरच्या मीटरवर. पोचले, जेवले, ठेवते. संपलं. मी हॉस्टेलवर असताना आमची सगळी खुशाली त्या तीन शब्दांत आटपायची.

आता डब्याचं. "कशी आहेस?" असं विचारलं तर मी "मजेत" म्हणणार, हे आजीला पक्कं ठाऊक आहे. माणसं परगावी गेली की मजेतच असतात! डब्याचं मात्र खोटं सांगायचं कोणाला सुचत नाही. ब्रेड-चीज म्हटलं की ती ओळखते, आठवडा धावपळीत गेलेला दिसतोय. परवा मी दशम्या आणि लसणाची चटणी सांगितलं, तर लगेच म्हणाली, "म्हणजे नव्या घरात तवा-पोळपाट सापडलं म्हणायचं." खोकी उघडून झाली की नाही, हे तिनं मला न विचारता काढून घेतलं. तू शेजारीच होतीस, पण तुझं लक्ष आइस्क्रीमच्या गाडीकडे.

फुलांचं तिला कौतुक नाही असं नाही. तू तिला सांगितलंस ना, त्या बागेत दर हिवाळ्याआधी सत्तर लाख कंद हातानं लावतात, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "मजुरी काय देतात?" मग फोनच्या व्हिडिओत तिला बाहेरच्या शेतात यंत्र ट्यूलिपची उमललेली फुलं खुडत चाललेलं दिसलं आणि ती कळवळली, "अगं, निदान देवाला तरी वाहायची!" हे शेत कंदांसाठी असतं, फूल काढलं की जोर खाली कंदात उतरतो, असं तू समजावलंस. यावर ती क्षणात, "हां, म्हणजे कांद्याचे डेंगळे मोडतात तसंच." तिचं माहेर शेतकऱ्याचं. इथल्या शेतकऱ्याचं तिला आपल्यापेक्षा लवकर कळलं.

आणि एप्रिलच्या भर दुपारी फिरायला जायचं, हेच मुळात तिच्या पचनी पडत नाही. तिकडे चैत्रातलं ऊन म्हणजे घराबाहेर पाय टाकवत नाही. फुलं बघायला कासच्या पठारावर जायचं ते पाऊस सरता सरता, सप्टेंबरात. चैत्रात बायका बाहेर पडतात त्या उन्हं कलल्यावर, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला. या घरी आंब्याची डाळ, त्या घरी पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. अक्षय्य तृतीयेपर्यंत हे चालतं. हेगच्या सुरिनामी दुकानातून कैऱ्या आणून मी डाळ केली, ती तू नाक मुरडत खाल्लीस, ती यासाठीच होती.

राहता राहिला परतल्यावरचा फोन. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं पुढे गेली, त्यामुळे साताऱ्याचं अंतर साडेचार तासांवरून साडेतीनवर आलं. तरी आपण साडेसहाला घरात पाऊल टाकलं तेव्हा तिकडे रात्रीचे दहा. तिची झोपायची वेळ साडेनऊ. आबा म्हणाले, ही दिवा लावून बसली आहे. फोन झाल्यावर तिनं कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाखाली, "पोरं बागेतून आली" असं लिहिलं आणि मग झोपली. हे मला आबांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. तुझ्या शाळेच्या सहलीसुद्धा तिथे आहेत.

यापुढचा पोचल्याचा फोन तू लावत जा. सत्तावीस एप्रिलला इथल्या राजाच्या वाढदिवशी, इथल्या प्रथेप्रमाणे, तू आणि दादू फुटपाथवर चादर टाकून जुनी खेळणी विकायला बसणार आहात, हे मात्र तिला आधीच नीट समजावून सांग. नाहीतर पोरांना परदेशात रस्त्यावर बसवलं म्हणून आबांचा फोन मला येईल.

तुझी,
आई