कॅशिंग केलेला पगाराचा रिपोर्ट भलत्यालाच दिसतोय

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. पगाराचा रिपोर्ट उघडायला लई वेळ लागायचा म्हणून सर्व्हरवर कॅशिंग चालू केलं, आता पटकन उघडतो पण शिलाईच्या सुपरवायझरला लूमवरच्या कामगारांचे पगार आणि बँकेचे नंबर दिसले. डेटाबेसमध्ये तर ज्याला त्याचंच डिपार्टमेंट दिसेल असं सेटिंग आहे, मग हे झालं कसं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सेटिंग बरोबरच असेल हो, पण ते क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, डेटाबेसपर्यंत पोचली तरच कामाला येतं. कॅशिंगमध्ये पहिल्यांदा कोणी रिपोर्ट उघडला की त्याची तयार कॉपी ठेवून घेतात आणि पुढच्याला तीच देतात, समोर शिलाईवाला आहे का लूमवाला हे डेटाबेसला कळतच नाही. त्यात रिपोर्टसाठी मायक्रोसॉफ्टचं रिपोर्टिंग सर्व्हिसेस हे सॉफ्टवेअर असेल तर प्रत्येकाच्या विंडोज लॉगिनवर चालणारा रिपोर्ट कॅश होत नाही, म्हणून सगळ्यांसाठी एकच लॉगिन सर्व्हरवर साठवावं लागतं, आणि ते बऱ्याचदा सगळं दिसणारंच टाकलेलं असतं.

आजच्या आज या रिपोर्टचं कॅशिंग बंद करा, जुन्या कॉप्याही काढून टाका.

डिपार्टमेंटचा पॅरामीटर (उघडताना यादीतून डिपार्टमेंट निवडायची सोय) लावा, भागेल, असं कोणीतरी सांगेलच. कॉप्या वेगळ्या होतील खऱ्या, पण यादीतून दुसरं डिपार्टमेंट निवडणाऱ्याला कोण अडवणार? त्यापेक्षा शिलाईचा रिपोर्ट वेगळा, लूमचा वेगळा, त्या त्या फोल्डरला त्याच सुपरवायझरची परवानगी, आणि साठवलेलं लॉगिनही तेवढंच डिपार्टमेंट दिसणारं ठेवा.

आणि सुपरवायझरला बँकेचा नंबर लागतोच कशाला? तो क्वेरीतूनच काढा, नुसता कॉलम लपवला तर नंबर कॉपीत राहतोच. ही माणसं महिनाभर मशीनवर उभी असतात, त्यांचा पगार चारचौघांत फिरणं बरं नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पण मुळात रिपोर्ट स्लो का होता ते बघितलं का? पगाराच्या टेबलवर तारीख आणि डिपार्टमेंटचा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नसेल तर आधी तो लावून बघा, कदाचित कॅशिंग लागणारच नाही. लागलंच तर फक्त एकूण बेरजांचा रिपोर्ट कॅश करा, नावानिशी पगार थेट डेटाबेसमधून येऊ द्या. चालू करण्याआधी लूमच्या लॉगिनने रिपोर्ट उघडा, लगेच शिलाईच्या लॉगिनने उघडा, मग उलट क्रमाने.