चिचुंद्री आणि गोळी होणारा किडा : घरातून कोणाला हाकलावे?

सरपणाखाली सापडणारा, हात लावताच गोळी होणारा राखाडी किडा आणि चिचुंद्री यांच्यात फरक काय, आणि बंदोबस्त कोणाचा करावा, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की दोघांचाही करू नये, आणि चिचुंद्रीचा तर मुळीच नाही.

तो किडा खेकडा-कोळंबीच्या कुळातला आहे. त्याला पायांच्या सात जोड्या असतात, तो पोटाखालच्या पातळ पडद्यांनी श्वास घेतो आणि ओल संपली की मरतो, म्हणूनच तो कुजक्या लाकडाला धरून राहतो. खानापूर तालुक्यात, जांबोटीकडच्या आमच्या जुन्या घरी, पडवीतल्या सरपणाखालचा असा एक किडा मी श्रावणात उलटा करून पाहिला, तेव्हा त्याच्या पोटाखालच्या फिकट पिशवीत पांढरी पिल्ले वळवळत होती. त्याच पावसाळ्यात न्हाणीच्या मोरीतून एक चिचुंद्री भिंतीकडेने निघाली आणि तिच्यामागे पिल्लांची रांग होती. पहिल्याने आईच्या शेपटीचे मूळ तोंडात धरलेले, बाकीच्यांनी पुढच्याचे. थोरल्या काकांनी काठी घातली आणि आई जागीच मेली. "उंदराचीच जात, पोती फोडते," हे त्यांचे म्हणणे आजही कायम आहे.

काका, ती उंदराच्या जातीची नाही. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून तो कुरतडतो. चिचुंद्रीचे दात सुईसारखे असतात आणि ते झुरळे, किडे पकडण्यासाठी असतात. तिला थोड्या थोड्या वेळाने खावेच लागते, कारण देह जितका लहान तितकी ऊब लवकर निघून जाते. तिच्या जातभाईंपैकी सर्वांत लहान चिचुंद्री जेमतेम 2 ग्रॅमची असून तिचे हृदय मिनिटाला हजाराहून अधिक वेळा धडधडते. कुजका पाला खाणाऱ्या त्या किड्याला अशी घाई नसते. आपल्याही घरी कोणी काठी शोधू लागले, तर त्यांना आधी दातांतला हा फरक सांगावा.

अर्थात चिचुंद्रीला हातात धरू नये, ती चावते. शिजवलेले अन्नही ती सोडत नाही, तेव्हा ते झाकून ठेवावे. वास सहन होत नसेल तर मोरीला जाळी बसवावी. किड्यांसाठी सरपण विटांवर रचले तरी पुरते, मात्र कोवळी रोपे असतील तर कुंड्यांखालची ओल तपासत राहावी, कारण तेवढी रोपे हे किडे कधीकधी खातात.