१९७२ सालची शेरी कास्क सिंगल माल्ट मिळाली आहे. ती प्यायची कशी?

सोडा नको, बर्फही नको. सोडा की बर्फ, हा घरातला वाद इथेच मिटवा.

तुम्ही लिहिलंय की मामांनी ग्लेनफार्कलास या स्कॉटिश भट्टीची फॅमिली कास्क (एकाच सालच्या, एकाच पिंपातली व्हिस्की) दिली, लेबलवर १९७२ आहे, म्हणजे ती आता पन्नाशी ओलांडलेली व्हिस्की. तर तसं नाही. १९७२ हे ती गाळल्याचं साल. लेबलवर बाटलीत भरल्याचं सालही असेल, ते बघा. २००७ असेल, तर व्हिस्की ३५ वर्षांची, आणि कायम ३५चीच. ती मुरते लाकडात. काचेत लोणच्यासारखी मुरत नाही.

खरी गंमत त्या पिंपाची, म्हणजे कास्कची आहे. पूर्वी स्पेनच्या हेरेसहून शेरी, म्हणजे तिथली कडक वाइन, पिंपांत भरूनच ब्रिटनला जायची. ती तिकडे बाटल्यांत भरली की रिकामी पिंपं परत कोण पाठवणार? ती स्कॉटलंडच्या भट्ट्यांना स्वस्तात मिळायची. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करायचा नियम झाला आणि ही आवक आटली. आता बहुतेक पिंपं व्हिस्कीसाठीच बनवतात, त्यात वर्ष-दोन वर्षं शेरी ठेवतात आणि मग पाठवतात. म्हणून जुन्या सालांचं एवढं कौतुक. अर्थात जुनं ते सगळं सोनं नव्हे. काही पिंपांतल्या व्हिस्कीला विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा गंधकाचा वास येतो. काहींना तो आवडतो, मला नाही. गडद रंगालाही भुलू नका. स्कॉचमध्ये कॅरॅमल घालायला कायद्याने परवानगी आहे. ग्लेनफार्कलासवाले घालत नाहीत, पण फिकट निघाली म्हणून हिरमुसू नका. पिंप आधी किती वेळा वापरलंय, यावरही रंग ठरतो.

बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली तर मद्य बुचाला खातं. जुनं बूच उघडताना हमखास तुटतं, तेव्हा चहाची स्वच्छ गाळणी आणि दुसरं एखादं बूच हाताशी असू द्या.

ट्यूलिपच्या आकाराच्या ग्लासात २० मिली ओता आणि २० मिनिटं हात लावू नका. एसी नसेल तर मे महिन्यात उघडूच नका, पस्तीस अंशांत नाकाला नुसता अल्कोहोल लागतो. मग तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. आधी मनुका, खजूर, काळा गूळ. थोड्या वेळाने अक्रोड, चामडं, आजीचं शिसवी कपाट उघडल्यासारखं काहीतरी. घोट लहान घ्या आणि जिभेवर फिरवा. पाणी घालायचं तर ड्रॉपरने, एकेक थेंब. इतकी जुनी व्हिस्की जास्त पाण्यात विस्कटते, आणि मग ती परत जमत नाही.

चकणा नको, आणि आधी तिखटही नको. अशी व्हिस्की पहिल्यांदा चाखायला मी मिसळ हाणून गेलो होतो. सगळे संत्र्याची साल, कोको वगैरे बोलत होते, मला फक्त लवंग लागली. ती बहुधा मिसळीतलीच.

बाटली अर्ध्यावर आली की उरलेली छोट्या बाटलीत काठोकाठ भरा आणि काही महिन्यांत संपवा. हवेने ती उतरत जाते.

आणि रात्री ग्लास धुऊ नका. सकाळी त्या रिकाम्या ग्लासाचा वास घ्या. माझ्या मते कधीकधी तोच सगळ्यात चांगला असतो.